पाकिटात उरलेलं वैद्यक

१९८१ साली ब्रायन फोर्ड हे ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ लंडनच्या रॉयल सोसायटीत जुनी पत्रं तपासत बसले होते. पत्रं अँटनी व्हान लेवेनहूकची होती. हा डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी. विद्यापीठाची पायरी न चढलेला, लॅटिनचा गंध नसलेला. पण स्वतःच्या हातानं इवलीशी भिंगं घासून त्यानं जे पाहिलं, ते त्याआधी कुणी पाहिलेलं नव्हतं. १ जून १६७४ या तारखेच्या पत्राच्या शेवटी फोर्ड यांना एक लहानसं कागदी पाकीट चिकटवलेलं दिसलं. आत चार पुड्या होत्या. बुचाचे पातळ काप, एल्डर नावाच्या झाडाचा गर, पिसाच्या नळीतला भाग आणि गायीच्या डोळ्याच्या नसेचे वाळलेले काप. दाढी करायच्या वस्तऱ्यानं लेवेनहूकनं ते कापले होते आणि लंडनच्या विद्वानांनी स्वतः पाहून खात्री करावी म्हणून पत्रासोबत धाडले होते.

तीनशे सात वर्षं त्या पुड्या तिथेच होत्या. पत्र अभ्यासकांनी वाचलं होतं, त्याचे उतारे झाले होते, छपाई झाली होती. ज्याला त्याला मजकूर हवा होता; पुडीत काय आहे हे पाहायचं कुणाला सुचलं नाही. फोर्ड यांना पुढे आणखी पुड्या मिळाल्या, एकूण नऊ. यूट्रेख्टच्या संग्रहालयात लेवेनहूकनं बनवलेला एक सूक्ष्मदर्शक आहे, सुमारे २६६ पट मोठं दाखवणारा. त्याचीच भिंगं आणि त्याचेच काप यांची गाठ पुन्हा घालून देण्यात आली, आणि सतराव्या शतकातल्या त्या माणसाच्या डोळ्याला जे दिसलं असेल ते विसाव्या शतकातल्या माणसाला दिसलं.

वैद्यकाच्या इतिहासातली हस्तलिखित पत्रं गोळा करणारी माणसं आणि संस्था नेमकं काय राखतात, हे या पुड्यांवरून कळतं. वैद्यकाचं ज्ञान ग्रंथांत आणि नियतकालिकांत छापलं जातं. पण छापताना बरंच काही गळून जातं. नमुना गळतो, शंका गळते, फसलेला प्रयोग गळतो, भीती गळते, पैशाची विवंचना गळते. हे गळलेलं सारं पत्रात उरतं, कधी शब्दांत, तर कधी कागदाला चिकटलेल्या एखाद्या वस्तूत.

लेवेनहूकनं शास्त्रीय ग्रंथ म्हणून एकही पुस्तक लिहिलं नाही. १६७३ पासून १७२३ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे पन्नास वर्षं, तो डच भाषेत पत्रंच लिहीत राहिला. ९ ऑक्टोबर १६७६ च्या पत्रात त्यानं पाण्यातल्या सूक्ष्म जिवांचं वर्णन केलं तेव्हा लंडनकरांचा विश्वास बसेना. मग त्यानं पाद्री, नोटरी अशा गावातल्या प्रतिष्ठितांना भिंगातून पाहायला लावलं आणि त्यांचे दाखले पाठवले. १७ सप्टेंबर १६८३ च्या पत्रात तर त्यानं दातांवरच्या किटणात वळवळणाऱ्या जिवांची चित्रंच काढून धाडली. जीवाणूंची आपल्याला ठाऊक असलेली पहिली चित्रं ही अशी, टपालातून आलेली आहेत. रोग आणि जंतू यांचा संबंध सिद्ध व्हायला मात्र अजून जवळजवळ दोनशे वर्षं जायची होती.

त्या काळात वैद्यकाचा निम्मा कारभार पत्रांवरच चाले. श्रीमंत रोगी शेकडो मैलांवरच्या नामांकित डॉक्टरला आपलं दुखणं लिहून कळवत आणि डॉक्टर रोग्याची नाडी न पाहता पथ्यपाणी आणि औषध लिहून पाठवत. स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरी सॅम्युएल तिसो नावाचा असा डॉक्टर अठराव्या शतकात होऊन गेला. युरोपभरातून त्याला आलेली हजारावर पत्रं आणि टिपणं आजही तिथल्या ग्रंथालयात आहेत. रोगाची पाठ्यपुस्तकं डॉक्टरांनी लिहिली. पोटात कळ उठते म्हणजे नेमकं कसं वाटतं, रात्री कशाची भीती वाटते, हे रोग्यानं स्वतःच्या शब्दांत सांगितलेलं मात्र अशा गठ्ठ्यांतच वाचायला मिळतं.

आणि पत्रं गोळा करणं हाच एकदा संशोधनाचा मार्ग ठरला. १७२० च्या दशकात इंग्लंडमध्ये वाद पेटला होता. देवीच्या रोग्याच्या फोडातला द्रव निरोगी माणसाला मुद्दाम टोचावा की टोचू नये? रॉयल सोसायटीचे चिटणीस जेम्स ज्युरिन यांनी वादात वेळ घालवला नाही. ठिकठिकाणच्या डॉक्टरांना त्यांनी आवाहन केलं: तुमच्याकडे किती जणांना टोचलं, त्यांतले किती दगावले, हे मला लिहून कळवा. पत्रं येत गेली आणि ज्युरिन आकडे मांडत गेले. टोचून घेतलेल्यांत साधारण पन्नासात एक दगावतो आणि आपोआप देवी आलेल्यांत मरणाचं प्रमाण त्याच्या कित्येक पट आहे, असं त्यातून निघालं. उपचाराचा निवाडा आकड्यांवर करायचा, ही आज आपल्याला साधी वाटणारी पद्धत त्या टपालाच्या ढिगातून वर आली.

आता कागदाकडे वळू. जुनं युरोपी पत्र हातात घेतलं की अक्षरं बहुधा तपकिरी दिसतात. लिहिताना ती काळी होती. ती शाई माजूफळ आणि हिराकस यांची. ओकच्या झाडावर कीटकांमुळे येणाऱ्या गाठी म्हणजे माजूफळं. हिराकस म्हणजे लोहाचा क्षार. दोन्ही पदार्थ औषधातही वापरले जात, म्हणजे डॉक्टरच्या दौतीत आणि औषधाच्या कपाटात एकच सामग्री असे. हीच शाई पुढे कागदाच्या मुळावर येते. तिच्यातलं आम्ल आणि लोह कागद हळूहळू खातात आणि काही पत्रांत अक्षरांच्या जागी नुसत्या फटी उरतात. संग्रहालयं अशी पत्रं दमट हवेपासून जपतात, ती याच कारणानं.

काही पत्रांवर मात्र शाईशी काही नातं नसलेले डाग असतात. कडेला पात्याच्या टोकासारख्या चिरा, मधोमध भोकांची रांग, सगळ्या कागदावर पसरलेला पिंगट रंग. भूमध्य समुद्राच्या बंदरांत प्लेगची, आणि एकोणिसाव्या शतकात कॉलऱ्याची, धास्ती असे. बाहेरून आलेला माणूस विलगीकरणात बसवता येई, पण टपालाचं काय करायचं? कागद रोगाचं विष शोषून घेतो, अशी समजूत होती. म्हणून पत्रं चिमट्यात धरून व्हिनेगरमध्ये बुडवत किंवा गंधकाच्या धुरावर धरत. धूर आत शिरावा म्हणून छिन्नीनं चिरा पाडत किंवा खिळे बसवलेल्या हातोडीनं भोकं पाडत. इटलीतल्या काही ठिकाणी पत्र आतूनबाहेरून शुद्ध केलं की फक्त बाहेरून, हे सांगणारे शिक्केसुद्धा मारत.

अशा ‘निर्जंतुक’ केलेल्या टपालाचे खास संग्राहक आहेत. त्यांच्यातलं एक मोठं नाव कार्ल मेयर यांचं. सॅन फ्रान्सिस्कोत काम केलेले हे नाणावलेले रोगशास्त्रज्ञ प्लेगसारख्या रोगांचा अभ्यास करत आणि धुरी दिलेली पत्रं गोळा करत. १९६२ साली त्यांचं याच विषयावरचं पुस्तक आलं. प्लेग पसरतो तो उंदरांवरच्या पिसवांमुळे. त्यामुळे पत्राला दिलेल्या त्या अंघोळीचा रोगावर फारसा परिणाम होत नसणार, हे मेयर यांना कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. तरीही त्यांनी ती जमवली. एखाद्या काळात लोक रोगाला कसे घाबरत होते, याचा याहून अस्सल पुरावा कुठे मिळणार? आणि ही गोष्ट जुनीच आहे असंही नाही. २००१ साली अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्सची भुकटी पाठवली गेली. त्यानंतर वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांकडे जाणाऱ्या टपालावर किरणांचा मारा करू लागले. ते कागद पिवळे आणि ठिसूळ झाले. तेही एक दिवस कुणाच्या तरी संग्रहात जातील.

टपालातून रोग येईल, ही भीती एका बाजूला. दुसऱ्या बाजूला टपालातून रोगावरचा उतारा प्रत्यक्ष प्रवास करत होता. एडवर्ड जेनर यांनी १७९६ साली गोस्तनदेवीची लस टोचली आणि दोन वर्षांनी त्यावर पुस्तिका काढली. त्यानंतर जगभरातून त्यांच्याकडे पत्रांचा ओघ सुरू झाला: लस पाठवा. लस म्हणजे फोडातला द्रव. तो दोऱ्यावर वाळवायचा किंवा काचेच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवायचा आणि पत्रासोबत धाडायचा. थंड देशांत हे जमे. हिंदुस्थानाकडे येणाऱ्या लांबच्या सागरी वाटेत मात्र द्रव निकामी होऊन जाई.

यावर तोड काढली व्हिएन्नाच्या झाँ द कारो या डॉक्टरनं. द्रवात भिजवलेला पिंजलेला धागा त्यानं दोन काचांत बंद केला, वरून मेणाचे थर दिले आणि ते पुडकं कॉन्स्टँटिनोपलच्या वाटेनं बगदादला पाठवलं. तिथे पोचलं तेव्हा आतला द्रव ओलाच होता. बगदादहून बसरा आणि बसऱ्याहून समुद्रमार्गे मुंबई. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचली आणि ती लागू पडली. त्या मुलीच्या दंडावरच्या फोडातून पुढच्या मुलांना लस मिळाली आणि तिथून ती पुण्याकडे, सुरतेकडे, मद्रासेकडे अशी देशभर गेली. एका पत्रासोबत निघालेलं पुडकं असं अर्ध्या खंडाच्या दंडांवर पोचलं.

अशा पाकिटांचं वय संपत नाही. २००३ साली अमेरिकेत सांता फे इथल्या एका ग्रंथपालाला १८८८ सालच्या वैद्यकाच्या पुस्तकात एक छोटा लिफाफा मिळाला. त्यावर लिहिलं होतं की आत अमुक घरच्या मुलांना लस टोचल्यानंतरच्या खपल्या आहेत. प्रकरण थेट केंद्रीय तपास यंत्रणेपर्यंत गेलं. शंभरावर वर्षांपूर्वीच्या कुणा डॉक्टरनं पुढच्या मुलांना टोचायला म्हणून त्या सांभाळून ठेवल्या असतील. त्याच्या दृष्टीनं ते औषध होतं.

पण पत्रातला सगळ्यात मोलाचा ऐवज पाहायचा तर रोनाल्ड रॉस आणि पॅट्रिक मॅन्सन यांच्या पत्रव्यवहाराकडे जावं लागतं. १८९४ मध्ये लंडनमध्ये मॅन्सन यांनी रॉसना रक्तातले मलेरियाचे परजीवी दाखवले आणि आपला तर्क सांगितला: यात डासाचा हात आहे. पुढच्या वर्षी रॉस हिंदुस्थानात, सिकंदराबादला परतले. लष्करी डॉक्टर, हाताशी प्रयोगशाळा नाही, शेजारी विचारायला कुणी नाही. मग काय दिसलं, काय नाही दिसलं, ते सगळं ते मॅन्सनना लिहीत गेले. १८९५ ते १८९९ या काळात दोघांमध्ये शंभराहून कितीतरी जास्त पत्रं गेली-आली. उत्तर यायला आठवडेच्या आठवडे लागत.

छापील इतिहासात ही गोष्ट सरळ रेषेत येते: तर्क, प्रयोग, शोध, नोबेल. पत्रांत ती रेषा जागोजागी मोडते. मॅन्सन यांचा तर्क अर्धाच बरोबर होता. डास पाण्यात मरतो आणि ते पाणी प्यायल्यानं माणसाला ताप येतो, असं त्यांना वाटे. रॉस यांनी त्याप्रमाणे डास मेलेलं पाणी स्वखुशीनं तयार झालेल्या माणसांना प्यायला दिलं. लछमन नावाच्या माणसाला त्यानंतर ताप आलासुद्धा, आणि रॉस हुरळले. पुढे तो धागा हाती लागेना. कधी चुकीच्या जातीचे डास, कधी भलत्याच वेळी तपासलेले डास. २० ऑगस्ट १८९७ रोजी ठिपकेदार पंखांच्या एका डासाच्या पोटाच्या भिंतीत त्यांना रंगकण असलेल्या पेशी दिसल्या. त्या डासाला रक्त पाजणारा रोगी होता हुसेन खान. एका डासामागे एक आणा, असा त्याचा भाव ठरला होता. १८ डिसेंबरच्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यावर लेख आला, तो अवघ्या दोन डासांच्या आधारावर. पुढच्या वर्षी कलकत्त्यात, महंमद बक्ष या सहाय्यकाच्या साथीनं, पक्ष्यांच्या मलेरियाचं सबंध चक्र उलगडलं आणि परजीवी डासाच्या लाळग्रंथीत सापडले. मरून पाण्यात पडणारा डास नव्हे, चावणारा डास दोषी होता. जुलै १८९८ मध्ये एडिंबरोच्या परिषदेत ही बातमी मॅन्सन यांनीच जगाला सांगितली.

छापील लेखात उत्तर मिळतं. पत्रांत मात्र उत्तर माहीत नसलेला माणूस भेटतो. पुढच्या पत्रात काय होणार हे आपल्याला ठाऊक असतं आणि त्याला नसतं, म्हणून वाचताना जीव टांगणीला लागतो. रॉस यांनी आयुष्यभराचे कागद सांभाळून ठेवले होते. नोबेल मिळूनही म्हातारपणी पैशाची ओढाताण होती. १९२८ साली त्यांनी जाहिरात देऊन ते कागद विकायला काढले. लेडी ह्यूस्टन या दानशूर बाईंनी २,००० पौंडांना ते घेतले आणि ब्रिटिश म्युझियमला देऊ केले. म्युझियमनं नकार दिला! आज ते लंडन आणि ग्लासगो इथल्या वैद्यकीय संस्थांकडे आहेत आणि मलेरियाचा इतिहास लिहिणाऱ्याला तिथे गेल्यावाचून गत्यंतर नाही.

संग्राहकाच्या दुनियेत फसवणूकही मुबलक. पॅरिसचे गणिती मिशेल शास्ल यांनी एकोणिसाव्या शतकात व्रँ-ल्यूका नावाच्या माणसाकडून सत्तावीस हजारांच्या घरात जुनी पत्रं विकत घेतली. त्यांत पास्कल होता, गॅलिलिओ होता, क्लिओपात्रा होती, आणि मरणातून उठलेल्या लाझारसनं संत पीटरला लिहिलेलं पत्रही होतं. सगळी फ्रेंच भाषेत! १८७० मध्ये त्या भामट्याला शिक्षा झाली. म्हणूनच जाणता संग्राहक अक्षराआधी कागद उजेडासमोर धरून त्यातलं पाणचिन्ह पाहतो, टपालाचा शिक्का आणि घड्या तपासतो, पत्र स्वतःच्या हातचं आहे की कारकुनानं लिहून नुसती सही घेतलेली आहे, ते पाहतो. पाकिटावरचा पत्ता फेकून दिलेलं पत्र त्याच्या लेखी अर्धंच असतं.

आणि लिहिणाऱ्यालाच पत्र नकोसं झालं तर? सिग्मंड फ्रॉइड यांनी १८८७ पासून बर्लिनचे नाक-घशाचे डॉक्टर विल्हेल्म फ्लीस यांना जिवाभावाची पत्रं लिहिली. मनोविश्लेषण त्या पत्रांत घडत गेलं. १९३६ साली फ्लीस यांच्या विधवेनं ती एका पुस्तकविक्रेत्याला विकली आणि त्याच्याकडून फ्रॉइड यांची शिष्या मारी बोनापार्त हिनं ती घेतली. फ्रॉइडना ती नष्ट व्हायला हवी होती. शिष्येनं गुरूचं ऐकलं नाही. व्हिएन्नाच्या बँकेत ठेवलेली पत्रं नाझींनी शहर ताब्यात घेतल्यावर तिनं गेस्टापोसमोर बाहेर काढली. ती ग्रीस-डेन्मार्कच्या राजघराण्यातली होती, म्हणून हे जमलं. युद्धानंतर इंग्लंडला नेताना खाडीत सुरुंग होते. बोट बुडालीच तर पत्रं तरंगावीत, अशा बेतानं ती जलरोधक वेष्टनात बांधली होती.

एवढं करून १९५० साली ती छापली, ती काटछाट करून. फ्लीस यांनी फ्रॉइड यांच्या एका रुग्ण स्त्रीच्या नाकावर शस्त्रक्रिया केली, पट्टीचा लांबलचक तुकडा आतच राहिला आणि ती रक्तस्रावानं मरता मरता वाचली, हा १८९५ सालचा प्रसंग त्या आवृत्तीत नव्हता. १९८५ मध्ये पत्रं संपूर्ण छापली गेली तेव्हा तो प्रसंगही त्यांत आला. मूळ कागद जपला होता म्हणून त्या बाईचं दुखणं इतिहासात परत आलं.

यातून आणखी एक गंमत ध्यानात येते. पत्र लिहिणाऱ्याच्या घरी सापडत नाही. ज्याला लिहिलं त्याच्या घरी सापडतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिंदुस्थानात कधी आल्या नाहीत, पण इथल्या आरोग्याबद्दल त्यांनी आयुष्यभर पत्रं लिहिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता. त्यांची पत्रं आज जगभरातल्या दोनशेहून अधिक संग्रहांत विखुरलेली आहेत.

आनंदीबाई जोशींचा शोधही असाच दूरच्या गावी घ्यावा लागतो. त्यांची सारी वाट पत्रांनीच आखलेली. गोपाळरावांनी अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांना बायकोच्या शिक्षणासाठी पत्र लिहिलं. वाइल्डर यांनी धर्मांतराची अट सुचवली आणि तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर बाई दाताच्या डॉक्टरकडे खोळंबल्या असताना ते मासिक त्यांच्या हाती पडलं. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिलं, आणि न पाहिलेल्या त्या बाई आनंदीबाईंच्या मावशी झाल्या. २८ सप्टेंबर १८८३ रोजी अठरा वर्षांच्या आनंदीबाईंनी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाकडे इंग्रजीत प्रवेशासाठी पत्र केलं. आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून मी आले आहे, माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, आणि त्यांच्यासाठी मला शिकायचं आहे, असा त्यातला आशय. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयानं गेल्या.

ते पत्र कुणा हौशी संग्राहकानं लिलावात मिळवलेलं नाही. महाविद्यालयाच्या कचेरीनं अर्जाचा कागद म्हणून ते फाइलला लावलं आणि नंतरच्या कुणी ते रद्दीत घातलं नाही, इतकंच. आज ते ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. वैद्यकाच्या इतिहासातली बहुतेक पत्रं अशीच टिकली आहेत. ज्यांना त्यांचं मोल ठाऊकही नव्हतं, अशा माणसांनी नेमून दिलेलं काम नीट केलं म्हणून. मोठ्या संग्राहकांची नावं आपल्याला माहीत असतात. या कारकुनांची नाहीत, आणि आपलं देणं जास्त त्यांचंच आहे.